आ करा, मामाजी

आमच्या गावात माझ्याइतकी तोंडं उघडून पाहिलेली दुसरी बाई नाही. मी दातांची डॉक्टर नाही, आशा सेविका आहे. बाळंतिणी, लसीची लेकरं, तापाचे-खोकल्याचे पेशंट, सगळ्यांच्या दारात जाणारी. टीबीच्या गोळ्या ज्याला सुरू होतात त्याला त्या माझ्यासमोर घ्याव्या लागतात, आणि घेतल्यावर मी तोंड उघडून दाखवायला लावते. जिभेखाली गोळी लपवून मागून थुंकणारे महाभाग मी पुष्कळ पाहिले आहेत. एकजण तर गोळी गालात धरून माझ्याशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारायचा. मी उठतच नाही म्हटल्यावर शेवटी तोंड वाकडं करून गिळायचा.

तिरोड्याहून दहा-बारा किलोमीटरवर आमचं गाव. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उभं राहिलं की लांब वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. बाकी चहूकडे धान. या गावात सून होऊन आले त्याला वीस वर्षं झाली, आणि आशाची पिशवी खांद्याला लावून बारा. मी फटकळ आहे हे मला मान्य आहे. आशाबाई आली म्हटलं की माणसं अर्धी ओढलेली बिडी पायाखाली विझवतात, आणि मला त्याचा आनंद होतो. खोटं कशाला सांगू.

म्हणूनच ही गोष्ट सांगायला मला इतके दिवस लागले. ज्या वर्षी मी गावाला गोळ्या गिळायला लावत होते, त्याच वर्षी स्वतःच्या गोळ्या लोहाच्या गोळ्यांच्या डब्यात लपवत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण ज्याने केली त्याने मला पाहिलं असणार.

दुखणं नेमकं कधी लागलं ते सांगता येत नाही. कोणी मेलं नव्हतं, कोणी सोडून गेलं नव्हतं. आधी माझं बोलणं कमी झालं. नवरा राईस मिलमध्ये कामाला आहे, सकाळी जातो आणि दिवेलागणीला येतो. त्याला महिनाभर वाटलं की बायको सुधारली. मग भाजीत मीठ आहे की नाही हे मला कळेनासं झालं. मग एक दिवस एका घरासमोर उभी राहिले आणि हाक मारायला तोंडच उघडेना. पाच मिनिटं तशीच उभी होते. घरातली म्हातारी बाहेर येऊन म्हणाली, "कायले उभी आहेस वो? घर चुकली का?" मी हसले आणि पुढे निघून गेले. त्या घरचं काम त्या दिवशी झालंच नाही.

मला कळलं ते एका कागदामुळे. आमच्याकडे प्रश्नांचा एक कागद असतो, बाळंतिणीला वाचून दाखवायचा. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होतं का, झोप लागते का, कशात जीव रमतो का, आपण कुचकामी आहोत असं वाटतं का. समोरची पोरगी लेकराला पाजत बसली होती आणि प्रत्येकाला "नाही ताई, नाही ताई" म्हणत होती. मी वाचत होते आणि प्रत्येक प्रश्नाला मनातल्या मनात हो म्हणत होते. शेवटचा प्रश्न जगणं नकोसं वाटतं का असा आहे. तिथे मी कागदावर बोट ठेवून थांबले. त्याला मी मनात नाहीच म्हटलं, पण ते नाही यायला वेळ लागला. पोरगी म्हणाली, "ताई, पुढचं वाचा ना." पुढचं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरी मीटिंग आहे असं सांगून मी गाडीत बसले आणि गोंदियाला गेले. मनाच्या आजारांची डॉक्टरीण माझ्यापेक्षा वयाने लहान, हिंदी बोलणारी. मी तिला माझा कागद दाखवला, कारण रात्री बसून मी तो स्वतःसाठी भरला होता. तिने तो वाचला आणि म्हणाली, "दीदी, ये बीमारी है. आलस नहीं है, कमजोरी भी नहीं." मग तिने गोळी लिहून दिली. असर यायला पाच-सहा आठवडे लागतील, सुरुवातीला मळमळेल, घाबरल्यासारखं होईल, पण सोडायची नाही, त्रास वाटला तर मला येऊन सांगायचं. मी मान हलवली. हेच वाक्य मी लोकांना शंभरदा ऐकवलं आहे, मला काय नवीन.

घ्या. आठ दिवसांत मला कळलं की ते वाक्य सांगणं वेगळं आणि भोगणं वेगळं. सकाळी चहाच्या वासाने पोटात ढवळायचं. हात थरथरायचे. लसीच्या कार्डावर तारीख लिहायची तर पाचाचा आकडा सापासारखा व्हायचा. अंगात असं काही तरी पळायचं की एका जागी बसवत नव्हतं, आणि झोप तर मुळीच नाही. मी ओकते आहे हे पाहून नवरा एके सकाळी दारात उभा राहून हळूच म्हणाला, "काय वो, या वयात?" त्याच्या तोंडावर भीती होती की आनंद, हे मला आजही कळलेलं नाही. मग मला त्याला खरं सांगावंच लागलं.

त्याने पाण्याचा तांब्या आणून माझ्या हातात दिला. मग म्हणाला, "खाय मग. डॉक्टरनं देल्लं तं खाय." एवढंच. पण मीच त्याला शपथ घातली की गावात कोणाला सांगायचं नाही. मला एकच भीती होती, माझं काम सुटेल. डोक्याच्या गोळ्या खाणारी बाई म्हटलं की गावात ती बह्याड, म्हणजे वेडी. आणि बह्याड बाईच्या हातची गोळी कोण खाणार? तिच्या हातात लेकरू कोण देणार? पिशवी खांद्यावरून उतरली तर मी कोण? म्हणून गोळ्यांची पट्टी लोहाच्या डब्यात गेली. आमच्या घरी त्या डब्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही.

पहिली गोळी दीड महिना नेटाने घेतली. मन तसूभर हललं नाही आणि हात थरथरायचे थांबले नाहीत. डॉक्टरीणबाईने ती हळूहळू बंद करून दुसरी दिली, रात्री जेवल्यावर घ्यायची. दुसरीने मन हललं, ते खरं. वैशाखात एका सकाळी विहिरीवर एका बाईला मी सणसणीत उत्तर दिलं आणि माझं मलाच बरं वाटलं. पण त्या गोळीने मला झोपेत बुडवून टाकलं. सकाळी आठ वाजता उठायचं म्हणजे चिखलातून म्हैस ओढायची. तोंड इतकं कोरडं की बोलताना जीभ टाळूला चिकटायची. मी पदराला आवळासुपारी बांधून फिरायची. दोन महिन्यांत सगळ्या ब्लाउजच्या शिवणी उसवाव्या लागल्या. बायका म्हणायच्या, "आशाबाई गोल होऊन रायली, घरी मजा दिसते." मी म्हणायची, "हो, मजा आहे." आणि घरी येऊन रडायची.

त्याच वैशाखात मामाजींना टीबी निघाला. मामाजी म्हणजे माझे सासरे नाहीत. आमच्याकडे नवऱ्याच्या गावात त्या वयाच्या सगळ्याच माणसांना सून मामाजी म्हणते. हे मामाजी गल्लीच्या टोकाला एकटे राहतात. बायको गेली, पोरगा नागपूरला. तरुणपणी गावतलावाचं पाणी कोणाच्या बांधीत कधी सोडायचं ते हेच ठरवायचे, त्यामुळे आवाज अजूनही हुकमाचा. आणि तोंडात दात तीन.

आता अडचण पाहा. आमच्याकडे अशा माणसासमोर सुनेने डोक्यावर पदर घ्यायचा, बरोबरीने बसायचं नाही, वर बघून बोलायचं नाही. आणि मला तर त्यांच्यासमोर उभं राहून म्हणायचं होतं, तोंड उघडा. पहिल्या दिवशी मी पदर घेतला, तोंडाला मास्क लावला आणि जमिनीकडे पाहत म्हटलं, "आ करा, मामाजी." ते म्हणाले, "मी का वासरू आहो?" मी म्हटलं, "वासरू ऐकतं तरी." त्यांनी काठी एकदा जमिनीवर आपटली, मग आ केला. तीन दात, आणि गोळी गेलेली.

त्यांनाही त्रास झालाच. मळमळ, अंगाला खाज, लघवी लाल झाली म्हणून घाबरून एक दिवस माझ्या नावाने गल्लीत ओरडले. मी त्यांना ठणकावून सांगितलं, "दोन आठवडे सोसा. बरं वाटलं म्हणून सोडायची नाही, त्रास झाला म्हणूनही सोडायची नाही. मधात सोडली तर रोग हुशार होतो आणि तुम्ही बह्याड." हे माझं ठरलेलं वाक्य आहे. त्यांनी ते नीट ऐकून ठेवलं होतं, हे मला पुढे कळलं.

आषाढात लसीच्या दिवशी मी झोपून राहिले. नवरा मिलमध्ये गेला, गजर वाजून वाजून थांबला, आणि मी उठले तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. धावत अंगणवाडीत गेले तर लस टोचणाऱ्या सिस्टरने काम सुरू केलेलं, तीन बाया वाट पाहून परत गेलेल्या. सिस्टरने हातातली यादी माझ्याकडे सरकवली. रागावली असती तर बरं झालं असतं. एका बाईने मात्र दुसरीला सांगितलेलं मी ऐकलं, "आशाबाई झोपली होती." बारा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

त्या दुपारी मी दोन गोष्टी केल्या. एका कागदावर लिहिलं की घरच्या अडचणीमुळे मला आशाचं काम करणं जमणार नाही, खाली सही केली आणि तो कागद पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवला. आणि गोळी बंद केली. म्हणजे कायमची नाही. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, होईपर्यंत.

बाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल, म्हणून सांगते. आमच्याकडे रोवण्याच्या महिन्यात सगळं थांबतं. पाऊस बांधीत साचला आणि पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, तयार झाले की लग्नाची बोलणी थांबतात, भांडणं थांबतात, पंचायतीची बैठक थांबते. दाढ दुखली तर माणूस लवंग दाबतो आणि म्हणतो, रोवणा झाल्यावर पाहू. त्या महिन्यात पहाटे उठावं लागतं आणि दिवसभर कंबरेत वाकावं लागतं, झोपाळू माणसाचं काम नाही. मला वाटलं, गोळीही थांबेल. दुखणंही थोडं थांबेल, रोवणा झाला की पुन्हा सुरू करू. बारा वर्षं लोकांच्या गोळ्या मोजणारी बाई मी, आणि मला हे शहाणपणाचं वाटलं.

पहिले दोन दिवस मस्त गेले. पहाटे टक्क जाग. मी मनात म्हटलं, बघा, गोळीच वैरी होती. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात झणकन विजेसारखा झटका यायला लागला. नुसते डोळे डावीकडून उजवीकडे फिरवले तरी झण्ण. चौथ्या दिवशी चक्कर, घाम, आणि कारण नसताना रडू. नवऱ्याने भात जास्त शिजला म्हटलं तर मी भाताचा गंज उचलून अंगणात फेकला. पाचव्या दिवशी आमच्याच बांधीत रोवणा होता. दहा-बारा बाया ओळीने वाकलेल्या, मी पऱ्ह्याची पेंढी घेऊन धुऱ्यावरून, बांधीच्या कडेच्या उंच वाटेने, चालले होते. कोणी तरी मागून हाक मारली, मी वळले, डोक्यात झटका आला आणि मी धुऱ्यावरून थेट चिखलात गेले. तोंडावर. पेंढी एकीकडे, मी एकीकडे.

बायांनी उचलून धुऱ्यावर बसवलं. डोळ्यातला चिखल पुसत असताना माझ्या कानावर आलं, "दिवस गेले वाटते." दुसरी म्हणाली, "कोणी तरी करणी केली असन." मी काहीच बोलले नाही. मी बोलत नाही म्हटल्यावर त्या खरोखर घाबरल्या.

पुढचे तीन दिवस मी खाटेवर होते. उठलं की जग फिरायचं. नवऱ्याने मिलमधून सुटी घेतली, तो पेज करून द्यायचा आणि खाटेच्या पायथ्याशी बसून राहायचा. गोंदियाला चल म्हणायचा, मी नाही म्हणायची. डॉक्टरीणबाईला काय तोंड दाखवू? गोळ्या सोडणाऱ्यांना मीच शिव्या घालते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर काठी वाजली. मामाजी आले होते. त्यांच्या हातात त्यांच्या गोळ्यांची पट्टी होती. आठवड्याच्या गोळ्या मी त्यांच्याकडे ठेवून द्यायची, पण रोज त्या माझ्यासमोरच घ्यायच्या असा नियम होता. नवरा म्हणाला, "मामाजी, तिची तब्येत बरी नाही, तुम्ही आपले घरीच घ्या." मामाजी आत येऊन भिंतीला टेकून बसले. "दोन दिस घरीच खाल्ल्या. पन मले समोर खायाची सवय झाली. कोनी पाह्यलं नाई तं खाल्ल्यासारखंच वाटत नाई." मग त्यांनी पाणी मागितलं.

मी पदर ओढून उठून बसले. पाण्याचा गिलास फळीवर होता, लोहाच्या डब्याशेजारी. नवरा तो काढायला गेला, घाईत डब्याला हात लागला, डबा खाली पडला आणि आतलं सगळं मामाजींच्या पायाशी सांडलं. ते वाकून गोळा करू लागले. लाल गोळ्या एका बाजूला ठेवल्या. मग माझी पट्टी हातात घेऊन दारातल्या उजेडाकडे धरली.

"ह्या लोहाच्या नोहेत."

मी म्हटलं, "आहेत."

"लोहाच्या लाल रायतेत. ह्या पांढऱ्या. अन अर्धी पट्टी खाली आहे, अर्धी भरली आहे." त्यांनी पट्टी खाली ठेवली. "मधातच सोडल्या?"

नवरा माझ्याकडे पाहत होता, मी जमिनीकडे. मग मी सांगितलं. पदराच्या आतून, जमिनीकडे पाहतच. मनाचा आजार आहे, डोक्याच्या गोळ्या आहेत, झोप येत होती म्हणून रोवण्यापुरत्या बंद केल्या. बोलता बोलता रडू आलं. सासऱ्याच्या नात्याच्या माणसासमोर रडायचंही नसतं, पण तो नियम आता कुठे पाळणार.

मामाजींनी मला समजावलं नाही. त्यांना राग आला. चांगलाच आला. "बरं वाटलं म्हनून सोडाची नाई, त्रास झाला म्हनूनही सोडाची नाई. मधात सोडली तं रोग हुशार होते अन मानूस बह्याड. हे कोन सांगते गावाले? तूच ना? मी म्हातारा मानूस, उलट्या करून करून खाल्ल्या. लाल मुतलो. तुहं ऐकलो. अन तू रोवन्यासाठी सोडली? रोवना का तूच करतेस का गावात?"

मी म्हटलं, "लोक बह्याड म्हणतील, मामाजी. माझ्या हातून गोळी कोण खाईल?"

"मी खाऊन रायलो ना," ते म्हणाले. "पाह्य."

आणि त्यांनी आपल्या गोळ्या एकेक करून तोंडात टाकल्या, पाणी प्यायले, आणि मी न सांगता आ केला. तीन दात.

त्याच दिवशी नवऱ्याने मला गाडीवर मागे बसवून तिरोड्याला नेलं आणि तिथून आम्ही गोंदियाला गेलो. डॉक्टरीणबाई रागावली नाही. तिने विचारलं, "बंद क्यों की, ये नहीं पूछूँगी. क्या क्या हुआ, वो बताइए." डोक्यातला झटका, चक्कर, रडणं, हे दुखणं परत आल्याचं लक्षण नव्हतं. गोळी एकदम तोडल्याचं होतं. ही गोळी तोडायची नसते, पायरी पायरीने उतरायची असते. तिने तीच गोळी कमी करून पुन्हा सुरू केली, मग हळूहळू तिसरी आणायची ठरवली, सकाळी न्याहारीनंतर घ्यायची. शेजारच्या खोलीत एक समुपदेशक बाई बसतात, त्यांच्याकडे महिन्यातून दोनदा यायला सांगितलं. आणि म्हणाली, रोज काय होतं ते लिहून आणा.

घरी आल्यावर मी लिहायला कागद शोधला. पिशवीच्या आतल्या कप्प्यात सापडला. एका बाजूला राजीनामा होता, दुसरी बाजू कोरी होती, आणि आमच्या घरी कोरी बाजू वाया घालवत नाहीत. तिच्यावर मी रकाने आखले. झोप, तोंड, हात, पोट, मन. लोकांच्या नोंदी ठेवण्यात माझी बारा वर्षं गेली, स्वतःची ठेवायला मला कोण शिकवणार?

त्या रकान्यांचा मला आजही अभिमान आहे. भाद्रपदात मी ते डॉक्टरीणबाईसमोर ठेवले तेव्हा तिने बोट ठेवून दाखवलं, जुनी गोळी कमी केली त्या त्या दिवशी चक्कर वाढली आहे आणि चौथ्या दिवशी उतरली आहे. त्यावरून तिने पुढची पायरी लांबवली. नव्या गोळीनेही पहिले दहा दिवस मळमळ दिली, डोकं दुखलं. मी सोसलं, आणि जे सोसवलं नाही ते फोन करून सांगितलं. ती म्हणाली, भाकरी खाऊन मग घ्या, रिकाम्या पोटी नको. एवढ्याने निम्मी मळमळ गेली. आश्विनात झोप ताळ्यावर आली. हाताचा पाच पुन्हा पाचासारखा आला. आणि एके दिवशी भाजीत मीठ जास्त झालं आहे हे मला नवऱ्याच्या आधी कळलं.

ही सकाळची गोळी सुरू झाली तेव्हापासून रोज मी मामाजींच्या ओट्यावर जायची. ते त्यांच्या घ्यायचे, मी माझी. पहिल्या दिवशी मी गोळी गिळून उठायला लागले तर ते म्हणाले, "थांब. आ कर."

मी म्हटलं, "मामाजी, मी सून आहे."

"मी सासरा आहो. तरी तुले रोज दात दाखवून रायलो, तेही तीनच. आ कर."

मी इकडे तिकडे पाहिलं, गल्लीत कोणी नव्हतं, आणि झटकन आ केला. त्यांनी गंभीरपणे आत पाहिलं आणि म्हणाले, "गेली." मी दुसरीकडे तोंड करून हसले. किती महिन्यांनी हसले होते देव जाणे. तेव्हापासून हा रोजचा परिपाठ झाला. पण मी नेहमी आधी गल्ली पाहून घ्यायची, कोणी येत असेल तर गोळी मुठीत दाबून थांबायची. मामाजींना ते दिसत होतं. 

दिवाळी झाली, धान कापून झाला, आणि मामाजींचे सहा महिने भरले. शेवटची तपासणी चांगली आली. शेवटच्या दिवशी मी त्यांच्यासाठी घरून खीर करून नेली. रिकामी पट्टी त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिली आणि चुलीजवळ ठेवून दिली. मी म्हटलं, "सुटले मामाजी. आता माझा त्रास नाही." त्यांनी खिरीची वाटी जवळ ओढली. घरी येताना मला उगाच उदास वाटलं, आणि मी ते त्या दिवशीच्या रकान्यात लिहिलंही. माझी गोळी अजून बरेच महिने चालणार होती. उद्यापासून घरीच घेऊ, दार लोटून, असं मी ठरवलं. तेच सोयीचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी खाऊन फळीवरची पट्टी काढत होते. नवरा मिलमध्ये जायला निघाला होता. गल्लीत थंडीच्या उन्हात पाच-सात बाया पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. काठीचा आवाज आला. मग एका बाईने विचारलेलं ऐकू आलं, "कुठी चालले वो मामाजी, सकाळी सकाळी?"

तलावाचं पाणी सोडताना जो आवाज चार बांध्यांपलीकडे जायचा, त्याच आवाजात मामाजी म्हणाले, "सुनेले गोळी चारायले जाऊन रायलो. मनाच्या दुखन्याची आहे. मधात सोडली तं बरी होत नाई."

शेंगा सोलायचा आवाज थांबला. ज्या वाक्याच्या भीतीने मी आठ महिने लोहाचा डबा जपला, ते वाक्य गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं होतं. मी पट्टी मुठीत दाबली. नवरा दारात थांबला आणि माझ्याकडे पाहू लागला.

मामाजी ओट्यावर येऊन बसले, काठी बाजूला ठेवली. "माहा कोर्स संपला," ते म्हणाले, "तुहा कुठी संपला?"

तेवढ्यात शेंगा सोलणाऱ्यांतली एकजण उठली. हीच ती, जिने अंगणवाडीत आशाबाई झोपली होती म्हटलं होतं. ती ओट्यापाशी आली आणि खाली आवाजात म्हणाली, "ताई, माह्या लेकीलेही झोप नाई येत. बाळंतपन झाल्यापासून. तुमच्या डॉक्टरकडे नेसान का?"

मी म्हटलं, "नेईन. परवा नेईन. पण आधी ही गोळी घेऊ दे."

मी बाहेर ओट्यावर आले, सगळ्यांना दिसेल अशी. पाणी प्यायले, गोळी गिळली. या वेळी गल्ली पाहिली नाही. एका हाताने डोक्यावरचा पदर नीट केला, मामाजींच्या समोर उभी राहिले आणि आ केला.